तलकाडची वाळू : शाप, शास्त्र आणि कायदा

म्हैसूर जिल्ह्यातील तलकाड हे कावेरीच्या वळणावर वसलेले गाव. पश्चिम गंगांची ही राजधानी. पुढे ती चोळांकडे गेली आणि बाराव्या शतकाच्या आरंभी होयसळ राजा विष्णुवर्धनाने त्यांच्याकडून जिंकून घेतली. त्या विजयाची आठवण म्हणून त्याने येथे कीर्तिनारायणाचे मंदिर बांधले. एरवी देवळाकडे जाताना पायऱ्या चढाव्या लागतात. तलकाडला वाळूच्या टेकाडावरून चालत जाऊन खाली उतरावे लागते, कारण जुने नगर वाळूखाली आहे. लुईस राइस यांच्या म्हैसूर गॅझेटिअरमध्ये तीसहून अधिक मंदिरे वाळूखाली गेल्याची, आणि वाळूच्या टेकड्या वर्षाला नऊ-दहा फूट या गतीने गावाकडे सरकत असल्याची नोंद आहे.

नगर वाळूखाली का गेले, या प्रश्नाला लोकपरंपरेपाशी एक ठाम उत्तर आहे. १६१० मध्ये म्हैसूरच्या राजा वडेयर यांनी विजयनगरच्या प्रतिनिधीकडून श्रीरंगपट्टण घेतले. त्या प्रतिनिधीची पत्नी अलमेलम्मा हिच्याकडील दागिने आणण्यासाठी माणसे पाठवली गेली, ती तलकाडकडे पळाली, आणि पाठलाग असह्य होऊन तिने कावेरीत उडी घेतली, अशी कथा सांगतात. उडी घेण्यापूर्वी तिने तीन शाप दिले : तलकाडची वाळू होवो, समोरच्या मालंगीचा डोह होवो, म्हैसूरच्या राजांना संतती न होवो.

ही कथा चारशे वर्षे टिकली, याचे कारण तिच्या घडणीत आहे. तिच्यात अन्याय आहे, अन्याय करणारा आहे आणि त्याची शिक्षा आहे. एका स्त्रीवरील अत्याचाराची आठवण लोकांनी त्या रूपात जपली, म्हणून तिला हसण्याचे कारण नाही. मात्र कारणमीमांसा म्हणून ती अपुरी पडते. शापाला उःशाप असतो, मोजमाप नसते. वाळू यंदा किती सरकली, कोणत्या महिन्यात सरकली, वारा पडला तेव्हा थांबली का, हे प्रश्न शापाला विचारता येत नाहीत.

हे प्रश्न नदीला विचारता येतात. वळणावर जेथे प्रवाह मंदावतो, तेथे नदी आपल्याबरोबर आणलेली वाळू टाकून देते. कोरड्या महिन्यांत पाणी ओसरले की तो वाळूचा पट्टा उघडा पडतो. नैर्ऋत्येकडून जोराचा वारा सुटतो आणि सुकी वाळू काठावर चढते. आता यात आणखी एक गोष्ट मिळवावी. तलकाडच्या वरच्या अंगाला माधवमंत्री याच्या नावाने ओळखला जाणारा विजयनगरकालीन बंधारा आहे. परंपरेने तो चौदाव्या शतकातला, म्हणजे अलमेलम्मेच्या काळाच्या अडीचशे वर्षे आधीचा मानला जातो. बंधाऱ्याने पाणी अडवले, कालव्यांत वळवले. शेते भिजली, पण खालच्या अंगाला नदीचे पात्र पूर्वीपेक्षा अधिक काळ आणि अधिक रुंद उघडे राहू लागले, असे संशोधकांचे अनुमान आहे. काठावरची झाडी कमी झाली असेल, तर वाऱ्याला आडकाठीही उरली नसेल.

म्हणजे वळण, वाळू, वारा, बंधारा आणि झाडी ही पाच कारणे झाली. यांपैकी एकट्याने कोणीही नगर बुडवले नाही. वळण आणि वारा तर नगर भरभराटीत होते तेव्हाही होते. बंधाऱ्याने त्या जुन्या कारणांचे प्रमाण बदलले. ज्या माणसांनी तो बांधला, त्यांचा हेतूही चांगलाच होता.

हवामानबदलावरील सार्वजनिक चर्चेला तलकाड जे शिकवू शकते, ते येथे सुरू होते. पूर आला, ढगफुटी झाली, उष्णतेची लाट आली की प्रश्न एकाच साच्यात विचारला जातो : हे हवामानबदलामुळे झाले की नाही? एक बाजू तत्काळ ‘होय’ म्हणते, दुसरी ‘पूर्वीही पूर येत होतेच’ असे उत्तर देते. दोन्ही बाजू एकच कारण शोधत असतात. म्हणजे प्रश्न शास्त्राचा दिसला तरी त्याची ठेवण शापाचीच असते.

शास्त्र हा प्रश्न वेगळ्या रीतीने मांडते. शकुनीच्या फाशांचे उदाहरण घ्यावे. एखादे दान पडले की ते फाशांतील लबाडीमुळे पडले, असे त्या एका दानावरून सिद्ध करता येत नाही. प्रामाणिक फाशांनीही ते पडू शकले असते. परंतु शेकडो दाने मांडून पाहिली की हवे ते दान किती अधिक वेळा पडते, हे दिसते. हवामानशास्त्रज्ञ संगणकावर दोन पृथ्वी उभ्या करतात. एकीत माणसाने वातावरणात सोडलेले हरितगृह वायू असतात, दुसरीत नसतात. एखादी उष्णतेची लाट पहिल्या पृथ्वीवर दुसरीपेक्षा किती पटींनी अधिक वेळा येते, हे मोजले जाते. उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे येत नाही. ते प्रमाणाच्या आणि शक्यतेच्या भाषेत येते. पृथ्वी माणसामुळे तापली याविषयी मात्र शंका उरलेली नाही. आंतरसरकारी हवामानबदल मंडळाने, म्हणजे आयपीसीसीने, २०२१ च्या अहवालात ते निःसंदिग्ध शब्दांत नोंदवले. अनिश्चितता आहे ती कोठे, केव्हा आणि किती, याविषयीची.

शास्त्राच्या बाजूचे लोकही शापाच्या ठेवणीत सापडू शकतात, याचे उदाहरण भारतातच घडले. आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालाच्या एका भागात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नष्ट होण्याची शक्यता फार मोठी आहे, असे विधान होते. नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे निवृत्त अधिकारी व्ही. के. रैना यांचा चर्चात्मक दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात हिमनद्यांच्या वर्तनाविषयी वेगळे चित्र होते. तत्कालीन मंत्री जयराम रमेश यांनी तो पुढे केला, आणि आयपीसीसीचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याची संभावना ‘वूडू विज्ञान’ अशी केली. काही आठवड्यांतच २०३५ या आकड्याचा माग काढला गेला. तो एका स्वयंसेवी संस्थेच्या अहवालातून आला होता, आणि त्याच्याही मागे नियतकालिकातील एक जुनी मुलाखत होती. तज्ज्ञांच्या परीक्षणातून गेलेला शोधनिबंध मागे नव्हता. जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीने खेद व्यक्त केला.

या प्रकरणाचे दोन अर्थ लावले गेले. एक आकडा चुकला म्हणजे सारे हवामानशास्त्र खोटे, असे काहींना वाटले; तो अर्थ टिकला नाही, कारण हिमनद्या आक्रसत आहेत हे मोजमापांतून पुढेही दिसत राहिले. दुसरा अर्थ अधिक उपयोगी आहे. चूक सापडली ती हिमनद्या मोजणाऱ्या माणसांनाच, आणि ती दुरुस्त झाली ती नोंदी तपासून. दुरुस्तीची वाट उघडी असणे, हे शास्त्राचे खरे बळ. प्रश्न असा की, शास्त्राच्या आधारावर उभा राहणारा कायदा ही वाट उघडी ठेवतो का?

त्याचे उत्तर शोधायला तलकाडपासून फार दूर जावे लागत नाही. गावावरून वाहत गेलेली कावेरी थोड्याच अंतरावर शिवनसमुद्र येथे दोन शाखांनी खडकांवरून कोसळते. तेथे १९०२ मध्ये म्हैसूर संस्थानाने वीज तयार केली आणि सुमारे १४७ किलोमीटर लांबीच्या तारांवरून ती कोलारच्या सोन्याच्या खाणींना पुरवली. त्या काळी इतक्या लांब वीज नेणे जगातही विरळा होते. दिवाण शेषाद्री अय्यर यांनी या योजनेला राजकीय बळ दिले. १९०५ मध्ये याच विजेने बंगळुरूचे रस्ते उजळले. ‘स्वच्छ ऊर्जा’ हा शब्द तेव्हा नव्हता. खाणींना लाकूड आणि लांबून आणलेला कोळसा महाग पडत होता, एवढेच कारण होते.

या केंद्राची क्षमता पुढे ४२ मेगावॉट झाली. आता यातील गंमत पाहावी. भारत सरकारच्या धोरणात दीर्घकाळ २५ मेगावॉटपर्यंतचे जलविद्युत प्रकल्पच ‘नवीकरणीय’ गणले जात. मार्च २०१९ मध्ये केंद्राने मोठ्या जलविद्युत प्रकल्पांनाही त्या व्याख्येत घेतले. पाणी तेच, धबधबा तोच. एका दिवसाच्या आधी त्याची वीज एका रकान्यात होती, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या. व्याख्या बदलण्यामागे आर्थिक आणि तांत्रिक कारणे होती, आणि ती चूक होती असेही नव्हे. पण ‘स्वच्छ’, ‘हरित’, ‘नवीकरणीय’ हे शब्द निसर्गात उगवत नाहीत, ते राजपत्रात लिहिले जातात, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवले पाहिजे.

आकड्यांचेही तसेच. २०२५ च्या मध्याला भारताच्या स्थापित वीजक्षमतेतील निम्मा वाटा जीवाश्म इंधनाविना चालणाऱ्या स्रोतांचा झाला, आणि २०३० साठी जाहीर केलेले उद्दिष्ट पाच वर्षे आधीच गाठले गेले. ही कामगिरी खरी आहे. तथापि क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती या दोन गोष्टी वेगळ्या. सूर्य मावळतो, वारा पडतो. त्यामुळे प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या विजेपैकी बहुतांश वीज अजूनही कोळशातून येते. म्हणूनच २०२२ मध्ये दुरुस्त झालेल्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली वापराचे बंधन घालण्यात आले : वीज वितरण कंपन्यांनी आणि अन्य बांधील ग्राहकांनी २०२४-२५ मध्ये २९.९१ टक्के आणि २०२९-३० मध्ये ४३.३३ टक्के वीज नवीकरणीय स्रोतांतून घ्यावी. स्थापित क्षमतेचे कौतुक करणाऱ्या बातमीपेक्षा हे दोन आकडे अधिक बोलके आहेत.

शिवनसमुद्रच्या अभियंत्यांनाही हीच अडचण आली होती. पावसाळ्यात पाणी भरपूर, उन्हाळ्यात खाणींना पुरेशी वीज नाही. उपाय एकच होता, पाणी साठवणे. १९०९ मध्ये म्हैसूरचे मुख्य अभियंता झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकले होते, मुंबई इलाख्याच्या सेवेत नाशिक, खानदेश, पुणे येथे राबले होते, आणि खडकवासल्याच्या तलावावर त्यांचे स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्येच बसले होते. त्यांनी कन्नंबाडी येथे कृष्णराजसागर धरणाची योजना रेटली; सिंचनाबरोबर शिवनसमुद्रला बारमाही पाणी देणे, हा तिचा एक हेतू होता. आज सौर विजेसाठी साठवणूक लागते, म्हणून डोंगरावर पाणी चढवून रात्री खाली सोडण्याच्या योजना आखल्या जातात, आणि शरावतीच्या खोऱ्यात सिंहपुच्छ वानराच्या अभयारण्यातून अशी योजना न्यावी का, असा वाद उभा राहतो. शतक उलटले, तरी स्वच्छ विजेची किंमत साठवणुकीपाशीच वसूल होते.

धरण बांधायचे म्हणजे खालच्या अंगाच्या मद्रासशी करार हवा. १८९२ नंतर १९२४ मध्ये म्हैसूर आणि मद्रास यांच्यात करार झाला, आणि त्यातील काही कलमांचा पन्नास वर्षांनी फेरविचार व्हावा असे ठरले. पन्नास वर्षे संपली, फेरविचार जमला नाही, तंटा वाढला. १९९० मध्ये लवाद नेमला गेला आणि २००७ मध्ये त्याचा अंतिम निवाडा आला. त्याच्या मुळाशी एक आकडा आहे : ७४० टीएमसी. जुन्या प्रवाह-नोंदींवरून काढलेला, ५० टक्के विश्वासार्हतेचा. म्हणजे साधारणतः दर दोन वर्षांपैकी एका वर्षी नदीला एवढे किंवा याहून अधिक पाणी असेल, अशी धारणा. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये वाटे थोडे बदलून तमिळनाडूला ४०४.२५ आणि कर्नाटकाला २८४.७५ टीएमसी दिले. मूळ आकडा मात्र तसाच राहिला.

येथे शास्त्र आणि कायदा यांची खरी गाठ पडते. भूतकाळातील प्रवाहाची सरासरी भविष्याला लागू पडेल, हे गृहीत धरल्याशिवाय असा निवाडा लिहिताच येत नाही. आणि हवामानशास्त्राचे म्हणणे नेमके हेच, की हे गृहीतक आता पूर्वीइतके भरवशाचे राहिलेले नाही. तापलेली हवा अधिक बाष्प धरते. त्यामुळे पाऊस थोड्या दिवसांत अधिक पडतो आणि मधले कोरडे खंड लांबतात. वर्षाची बेरीज सारखी राहिली तरी नदी तीच राहत नाही. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. एल निन्योचे ते वर्ष होते. कर्नाटकाने २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर केले, आणि कावेरीच्या पाण्यावरून दोन्ही राज्यांतील लोक रस्त्यावर उतरले. पुढच्याच पावसाळ्यात कृष्णराजसागर भरून वाहिले. तंट्याची भाषा दोन्ही वर्षी सारखीच होती : आमचे पाणी, तुमचे पाणी. टंचाईच्या वर्षी वाटा प्रमाणात कमी करावा, हे तत्त्व निवाड्यात आहे. पण टंचाई कशी मोजावी आणि कोणी मोजावी, यावर दर वेळी नव्याने भांडण होते.

यात सरळसोट दोषी शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. एल निन्यो, तापमानवाढ, कोडगूच्या डोंगरातील जंगलांची स्थिती, बंगळुरूची वाढलेली तहान, उसाचे आणि भाताचे क्षेत्र, सगळ्यांचा वाटा आहे. तलकाडच्या वाळूसारखेच हे गणित अनेक कारणांचे आहे, आणि कायद्याला ते एका आकड्यात बसवावे लागले आहे.

मग स्वच्छ ऊर्जेच्या कायद्याने काय करावे? पहिली गोष्ट, किंमत कोण मोजतो हे त्याने आधी पाहावे. मराठी वाचकाला याचे उदाहरण घरातलेच आहे. मुंबईच्या गिरण्यांना जलविद्युत पुरवण्यासाठी टाटांनी मुळशी खोऱ्यात धरण बांधायला घेतले, तेव्हा १८९४ च्या भूसंपादन कायद्याने शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापती बापट त्याचे नेते झाले. धूर न सोडणारी वीज मुंबईला मिळाली. मावळ्यांची भाताची खाचरे पाण्याखाली गेली. जवळजवळ शंभर वर्षांनी कर्नाटकात पावगड येथे सुमारे १३,००० एकरांवर २,०५० मेगावॉटचे सौर उद्यान उभे राहिले. तेथे जमीन विकत घेतली नाही. एकरी वर्षाला २१,००० रुपये आणि ठरावीक वाढ, अशा भाडेकरारावर घेतली. मालकी शेतकऱ्याकडे राहिली, ही सुधारणा मोठी आहे. परंतु ज्याच्या नावावर जमीन नव्हती, जो दुसऱ्याच्या रानात मजुरी करत होता, त्याला भाडे मिळायचा प्रश्नच आला नाही आणि कामही गेले. चांगल्या कायद्यातूनही कोण निसटते, हे पाहिल्याशिवाय त्याला चांगला म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट न्यायालयाने पुढे आणली आहे. राजस्थान-गुजरातमधील माळढोक पक्षी वीजवाहक तारांना आपटून मरतात, आणि त्याच तारा सौर वीज वाहून नेतात. या खटल्यात मार्च २०२४ मध्ये सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क संविधानाच्या कलम १४ आणि २१ मध्ये अंतर्भूत असल्याचे मान्य केले. भारतात हवामानबदलाला वाहिलेला एकछत्री कायदा नाही, हेही त्याच निकालात नोंदले गेले. असा कायदा एक दिवस होईल. तो होईल तेव्हा संसदेतली आणि बाहेरची चर्चा ‘हवामानबदल खरा आहे का’ या जुन्या प्रश्नावर खर्ची पडू नये. त्या कायद्यात आकडे कोणत्या नोंदींवरून घेतले, त्यांची अनिश्चितता किती, आणि ते किती वर्षांनी पुन्हा तपासायचे, ही कलमे आहेत का, हे विचारले जावे. १९२४ च्या कराराने फेरविचाराला पन्नास वर्षे दिली होती. पॅरिस करार देशांना दर पाच वर्षांनी नवी उद्दिष्टे मांडायला सांगतो. बदलत्या नदीला दुसरी मुदत अधिक मानवेल.

या प्रश्नांची परीक्षा कावेरीवरच लवकर होणार आहे. तलकाड आणि शिवनसमुद्रच्या खाली मेकेदाटू येथे सुमारे ६७ टीएमसी साठ्याचे आणि ४०० मेगावॉट विजेचे धरण प्रस्तावित आहे. बंगळुरूला पाणी आणि राज्याला स्वच्छ वीज मिळेल, असे कर्नाटक म्हणते. आपल्या वाट्याचे पाणी अडेल, असे तमिळनाडू म्हणते. आणि सुमारे ५,००० हेक्टर क्षेत्र, त्यातही बहुतेक जंगल, पाण्याखाली जाईल, असे आराखडाच सांगतो. तिन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात. या चर्चेत उतरणाऱ्या विद्यार्थ्याने घोषणा ऐकण्याआधी तीन गोष्टी मागाव्यात : प्रवाहाच्या नोंदी कोणत्या वर्षांच्या आहेत, पुढील पाऊसमानाचा अंदाज त्यांत धरला आहे का, आणि अंदाज चुकला तर साठा व वाटप बदलण्याची तरतूद कोठे आहे.

माधवमंत्र्याच्या काळी या तिन्हींपैकी काहीच उपलब्ध नव्हते. त्याने पाणी अडवले ते शेतांसाठी, आणि खालच्या वळणावर काय होईल हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. आज उपग्रह आहेत, प्रवाहमापक आहेत, शंभर वर्षांच्या पर्जन्यनोंदी आहेत. न कळल्याची सबब आता कोणाला सांगता येणार नाही. आणि जे कळण्यासारखे होते ते न विचारल्याचा दोष एखाद्या शापावर टाकणे तर त्याहून कठीण जाईल.